आईवडिलांचा परवाना

प्रिय चिमणे,

रविवारी तुझा फोन बाबांनी स्पीकरवर लावला होता, म्हणून मी फारसं बोलले नाही. आईवडिलांना कायमचं बोलावून घेण्याचे नियम सैल होताहेत, पुढच्या वर्षी नक्की, असं तू म्हणालीस आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मी उगाचच गॅस बघायला आत गेले. तुझा आवाज ओळखते गं मी. लहानपणी ताप लपवायचीस तेव्हाही तो असाच जरा जास्त आनंदी असायचा.

बाबांना कुणी काही पाठवलं की ते ब्रह्मवाक्य. परवा व्हिडिओत एक कोटवाला सांगत होता, महिन्याभरात परवाना हातात. खाली त्याच्याच एजन्सीचा नंबर. मी म्हटलं, अहो, विकणारा आपल्या मालाला वाईट म्हणेल का? तर म्हणाले, तुला सगळ्यातच खोट दिसते.

मग ग्रंथालयाच्या चौकशीच्या टेबलावर जन्मभर केलं तेच केलं. आधी तिथल्या सरकारच्या संकेतस्थळावरचं मूळ पान, त्यावरची तारीख. मग संसदेतल्या चर्चेचा शब्दशः वृत्तांत. मग दोन वर्तमानपत्रं, एक बाहेरच्यांना येऊ द्या म्हणणारं, दुसरं पुरे म्हणणारं. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे दोघं एकच गोष्ट सांगतात, तेव्हा ती धरून चालायची. आईवडिलांसाठी नवे अर्ज घेणं गेल्या वर्षीच थांबलंय. पुन्हा कधी, ते कुणी सांगत नाही. म्हाताऱ्यांचा दवाखान्यांवर भार पडतो, असं एक सदस्य म्हणाला. मला रागही धड येईना; बाबांची औषधं समोरच होती.

तू तिथे राहतेस, पोरी. तुला हे माझ्याआधी कळलं असणार.

अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबांचा उजवा पाय उचलत नव्हता. आता रोज सकाळी कठडा धरून गॅलरीत येरझाऱ्या घालतात. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना सांगतात, लेकीकडे लिफ्ट नाही, जिने चढायचेत. त्या माझ्याकडे बघतात, मी कुंड्यांकडे.

रागावून नाही लिहीत. माझ्यापुरतं हे ओझं आता उतरव. दुपारी बाबा झोपलेले असताना मला फोन कर, खरं बोल, रडावंसं वाटलं तर रड. पण रविवारी स्पीकर लागला की पुढच्या वर्षी नक्की, हेच म्हणत राहा. कॉन्व्हेंटात, सिस्टरांच्या शाळेत शिकलेली मी, लेकीला खोटं बोलायला सांगतेय. आणि जिने किती आहेत असं त्यांनी विचारलं, तर दोन वाढवूनच सांग.

तुझीच, आणि इथलीच,
आई