खिशातला हात

रिठद, ता. ६ एप्रिल २०२५

चि. अश्वजित यास ग्यानबाचा जयभीम. सौ. सपना व नात चि. धम्मदीपा यांस आशीर्वाद. वि. वि. मी बरा आहे. फोनवर मला ऐकू येत नाही आणि स्पीकर लावला की गल्लीला आधी कळतं, मला मागून. म्हणून कागद. अक्षर लावून घे, चौथीच्या पुढं माझी शाळा नाही.

तुझी आई गेल्यापासून तू जेवणाचं विचारतोस. गल्लीतली हिरीबाई भाकरी टाकून देते, ती काळजी नको. मला काळजी दुसरीच आहे. मंगरूळपीरचा इमरान ट्रक घेऊन तिकडं आला होता, तुझ्याकडं जेवला. त्यानं परवा मारोतरावाच्या हॉटेलात चार माणसांत सांगितलं की अश्वजितभाऊ स्वतः भाकरी थापतो, हातभर आणि पातळ. तो कौतुकानं बोलला. मारोतरावानं विचारलं, मग बायको काय करते? इमरान म्हणाला, कंपनीत जाते. लोक हसले. मी चहा अर्धा ठेवून उठलो.

इमरानच्या मोबाईलवर तुझा फोटो पाहिला. धम्मदीपा कडेवर आणि एक हात खिशात. ते मला बरं वाटलं. मी सगळ्यांना सांगितलं की पोरगा सुपरवायझर आहे, सुपरवायझरला हातानं काम करावं लागत नाही. खरं काय ते कळव. जिवाला घोर आहे.

लोभ आहे तो राहू दे.

तुझा बाप
ग्यानबा

चाकण, ता. १६ एप्रिल

आद. बाबांस अश्वजितचा सविनय जयभीम. वि. वि. पत्र मिळालं. सपनाला पॅकिंगमध्ये काम लागलं आहे, पहाटे निघते. मी दिवाळीपासून घरी आहे. सुपरवायझर मी कधीच नव्हतो, प्रेस मशीनवर होतो. तुम्ही गावात सांगत राहिलात, मी खोडलं नाही.

आपल्याकडची सहा पोरं इथं जेवायला येतात, त्यांना भाकरीच लागते. पहिल्यांदा माझी तुटायची, आता साधली. धम्मदीपाची वेणी मी घालतो. ती वाकडी होते. शाळेत विचारलं की ती सांगते, बाबानं घातली. बाई हसतात, तीही हसते. मला काही वाटत नाही. वाईटही वाटत नाही, हे मात्र कधी कधी विचित्र वाटतं.

पत्र छोटं झालं, राग मानू नये. मायेत अंतर पडू देऊ नये.

आपला
अश्वजित

रिठद, ता. २४ एप्रिल

चि. अश्वजित यास जयभीम. वि. वि. पत्र तीन वेळा वाचलं. हे अक्षर तुझं नाही. तुझं अक्षर मी ओळखतो, ग्रामपंचायतीचा फळा तूच लिहायचास. हे डावीकडं पडतं, काना एकीकडं आणि मात्रा दुसरीकडं. सपनानं लिहिलं आणि तू खाली नाव घातलंस. बाईनं कमवायचं, बाईनंच पत्र लिहायचं, मग तुला काय उरलं?

मारोतराव काल सगळ्यांदेखत म्हणाला, ग्यानबाचा पोरगा बायल्या निघाला. घरी येऊन तो शब्द मीही एकदा म्हणून पाहिला. तुला लागतो की नाही, काही कळेना.

आता एकच कर. मृगात ये आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तिफण धर. बैल मी मागून आणतो. एका दिवसात तोंडं बंद होतील. येणार नसशील तर तुझ्या हाताचं पत्र पाठव. दुसऱ्याच्या हाताचं पाठवायचं असेल तर पाठवूच नको.

जास्त काय लिहू.

ग्यानबा

चाकण, ता. ५ मे

आद. मामाजींस सपनाचा जयभीम. वि. वि. तुमचं पत्र आल्यापासून हे रोज कागद घेऊन बसतात आणि तसेच उठतात. म्हणून मीच लिहिते. हे अक्षर माझं आहे. आधीच्या पत्राशेजारी ठेवून पाहावं.

यांनी मला शपथ घातली आहे, ती मी मोडत नाही. इमरानभाऊंबरोबर पाच भाकरी पाठवल्या आहेत. यांनीच केल्या. खाण्याआधी नीट पाहाव्या, एवढंच मागणं आहे.

धम्मदीपा आजोबांची आठवण काढते. आमच्यावर जीव असू द्यावा.

आपली सून
सपना

रिठद, ता. १४ मे

चि. अश्वजित व सौ. सपना यांस जयभीम. वि. वि. भाकरी पोचल्या. वाटेत कडक झाल्या होत्या.

आधी दोन्ही पत्रं शेजारी ठेवली. सपनाचं अक्षर सरळ आहे. मग भाकरी उजेडात नेल्या. तुझ्या आईच्या भाकरीवर बोटं उठायची, तशी तुझ्याही भाकरीवर उठली आहेत. मी माझा उजवा हात त्यावर ठेवला. करंगळी बसली, तिच्या शेजारचं बसलं. पुढच्या दोन बोटांखाली भाकरी साफ होती. पाचही पाहिल्या. पाचही तशाच.

इमरानला गाठलं. तो ट्रकच्या चाकाकडं पाहत म्हणाला, "काका, मले त्यानं कसम घातली व्हती." पुढं तो मशीनचं काहीतरी सांगून राह्यला होता, ते मला ऐकू आलं नाही. परत सांग म्हणालो नाही.

रडू आलं नाही. चार भाकरी पाण्यात भिजवून खाल्ल्या. पाचवी फळीवर आहे.

एक मीही लपवलं. हिरीबाईनं भाकरी दिली ती दोनच महिने. तेव्हापासून मीच करतो, दाराला आतून कडी लावून. थापल्याचा आवाज गल्लीत जाऊ नये म्हणून रेडिओ मोठा करतो. मला तो ऐकूच येत नाही. लोक समजतात म्हातारा बातम्या ऐकतो. मारोतरावानं तो शब्द काढला तेव्हा माझ्या नखात पीठ होतं. मी हात टेबलाखाली घेतला होता.

आज रेडिओ लावला नाही, दारही उघडं ठेवलं. शेजारची हेमला पाणी घेऊन चालली होती. थांबली, पाहिलं आणि म्हणाली, काका, पीठ सैल झालं. मी अजून मूठभर घातलं.

पेरणी ट्रॅक्टरनं करून घेतो. तिफण गोठ्यात राहू दे. मृगात तिघंही या. मी फाट्यावर उभा राहीन. तिथं मारोतरावाचं हॉटेल आहे, माणसं असतातच.

तुमचा लोभ माझ्यावर आहे, माझाही तुमच्यावर आहे असं समजा.

ग्यानबा

ता. क. एसटीतून उतरताना हात खिशात घालू नको.