आमच्या घरातली पार्षद

५ नोव्हेंबर

आज कांचनला महापालिकेच्या निवडणुकीला उभं केलं!

कणीक मळत होती, तशीच बाहेर बोलावली. ह्यांनी उमेदवारीचा पर्चा पुढं केला. तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि विचारलं, “कुठं सही करू, दादा?” कसला कागद, कशासाठी, काही नाही. अनुपभावजी करोनात गेल्यापासून माझ्या या धाकट्या जावेचं असंच आहे. सांगाल तिथं सही, सांगाल तिथं उभी.

भानगड अशी. आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव, त्यात पोटनिवडणूक लागली. पक्षानं तिकीट दिलं आपल्याच जिल्हा महामंत्र्याच्या, म्हणजे सरचिटणीसाच्या बायकोला. समोर हार्डवेअरवाल्या साहूंची बायको. तिचंही नाव कांचन! मशीनवर दोन कांचन असल्या की लोक चुकतात, साहूंची मतं फुटतात. महामंत्र्यानं ह्यांच्या खांद्यावर हात टाकला म्हणे — “नीलकंठ जी, आपके घर में तो एक कांचन है ही।” झालं! खांद्यावर हात पडला की आमचे हे विरघळतात.

मी विचारलं, महामंत्रीणबाईच्या जागी माझं नाव का नाही सुचवलंत? एम.ए. राज्यशास्त्र आहे मी. झाशीच्या इलाइट चौराह्यावरच्या क्लासमध्ये अधिकारी व्हायला निघालेल्या मुलांना राज्यघटना शिकवते.

“तू हरलीस तर लोक मला हसतील. ती हरली तर कोणाला कळणारसुद्धा नाही.”

सही करून झाल्यावर कांचन म्हणाली, “आणि मी निवडून आले तर?” सगळे हसले. सगळ्यांत जास्त मी.

११ नोव्हेंबर

चिन्ह मिळालं — कढई!! देवालाही विनोद कळतो.

१७ नोव्हेंबर

प्रचार वगैरे नाही. तिनं घराबाहेर पडायचंच नाही, असं ह्यांनी बजावलंय. पण आज भाजीवाल्याच्या गाडीशी गेली, तर कोणीतरी हात जोडले — “नेता जी, नमस्ते!” बायका खिदळल्या. ही पण हसली. मी गच्चीतून पाहिलं.

वर आल्यावर म्हटलं, “फार तोंड दाखवत फिरू नकोस. मतं फोडायला उभी आहेस, मागायला नाही.”

“वहिनी, कोथिंबीर नव्हती.”

तिचं हे असंच. भांडायला धड जागा देत नाही.

२३ नोव्हेंबर

मतदान झालं. ह्यांनी सांगितलं तिथं बटण दाबलं — महामंत्रीणबाईला. केंद्राबाहेर तिच्या गळ्यातला हार बघून हात जड झाला होता, पण दाबलं. येताना कांचनला विचारलं, कोणाला दिलंस? म्हणाली, “दादांनी सांगितलं तेच.” म्हणजे स्वतःला मत द्यायचंही धाडस नाही. अशी उमेदवार!

२५ नोव्हेंबर

निवडून आली.

नुसती आली नाही, दोघींना लोळवून आली. महामंत्रीणबाई तिसरी!

जाई कॉलेजातून धावत आली — “मम्मी, काकू जीत गईं!” मराठी कळतं सगळं, पण आनंद झाला की पोरगी हिंदीत जाते. काकूच्या गळ्यात पडली. काकूच्या हातात पोळीचं उलथणं. खाली गल्लीत ढोल.

हे मतमोजणीच्या मांडवातून आले तेव्हा तोंड एवढंसं झालेलं. महामंत्र्यानं सगळ्यांसमोर म्हटलं म्हणे, “वाह नीलकंठ जी, खूब वोट काटे!” ह्यांनी चप्पल काढली, पाणी प्यायले, आणि पहिलं वाक्य — “आता ती कुठाय? तिच्याकडून एकही कागद बाहेर जाता कामा नये.”

संध्याकाळी लोकांची रीघ लागली. तोवर ह्यांचा चेहरा बदलला होता. दारात उभे राहून हार स्वतःच्या गळ्यात घेत होते. “हमारे घर की ही बेटी है।” बेटी! तिला काल ताटलीत उरलेली भाजी वाढली होती आम्ही.

आलेल्यांसाठी चहा कोणी केला? निवडून आलेल्या पार्षदबाईंनी.

२६ नोव्हेंबर

आशिषचा फोन. एरवी माझा हा धाकटा भाऊ दिवाळीलाही फोन करत नाही. दिल्लीत टीव्हीवर राजकीय विश्लेषक आहे ना! आज मात्र — “ताई, झाशीत काय झालं? सत्तेतला पक्ष तिसऱ्या नंबरवर? एका विधवेनं पाडलं? हे देशाचं चित्र आहे का?”

मी खरं ते सांगितलं. नावांचा घोळ आहे. साहूच्या कांचनची मतं चुकून आमच्या कांचनला पडली. एका वॉर्डावरून देश वाचता येत नाही. लोक गटार, नळ, जात आणि जुन्या खुन्नशीवर मत देतात. दर वर्षी वर्गात हेच शिकवते मी.

तो म्हणाला, “ताई, घोळ कोणी ऐकत नाही गं. लाट, लहर असेल तर सांग.”

मग मी लहर सांगितली! बोलता बोलता सुचत गेली. बायका आता नवऱ्याला विचारून मत देत नाहीत. वरून लादलेल्या उमेदवारांचा वीट आलाय. शहरातला हक्काचा मतदार गप्प बसून निसटतोय. पुढच्या लोकसभेला हीच बाई प्रत्येक मतदारसंघात रांगेत उभी असेल — “आणि तिचं मत कोणाच्या खिशात नसेल.” हे शेवटचं वाक्य मलाच इतकं आवडलं की मी ते परत म्हटलं.

ज्या बाईनं नवऱ्याला विचारून मत दिलं ती हे सांगत होती. असो.

२७ नोव्हेंबर

आशिष टीव्हीवर. माझी वाक्यं, त्याचा कोट! “झांसी के एक वार्ड ने दिल्ली को चिट्ठी लिखी है।” विरोधी पक्षाचा प्रवक्ता टेबल बडवत होता — बदलाची सुरुवात! सत्तेवाला म्हणत होता, स्थानिक प्रश्न, उमेदवार निवडताना चूक, देशाशी संबंध नाही. खरं बोलणारा तो एकटाच, आणि सगळ्यांनी मिळून त्यालाच गप्प केलं. खाली पट्टी फिरत होती — क्या ये तूफ़ान की आहट है?

तूफान तेव्हा आमच्याकडे मटार सोलत बसलं होतं. टीव्हीत स्वतःचा फोटो आला तेव्हा वर पाहिलं आणि म्हणालं, “हा तर रेशनकार्डावरचा.”

१ डिसेंबर

ह्यांनी गाडीवर लाल अक्षरांत पाटी लावली — पार्षद प्रतिनिधि. ऑफिस खालच्या खोलीत. खुर्चीत हे. कांचन दिवसातून दोनदा खाली येते, कोऱ्या लेटरहेडवर सह्या करते, वर जाते. आज मी म्हटलं, “हात नीट पूस गं आधी, कागदाला पीठ लागतं.”

पक्षानं निरोप पाठवलाय — तिला पक्षात आणा, मोठा कार्यक्रम करू. महामंत्र्यानं पुन्हा खांद्यावर हात टाकला. लखनौहून कोणी येणार. ह्यांना वाटतं, विधानसभा. मला वाटतं, विधानसभा हिच्या नावावर झाली तर मी काय, जन्मभर हिच्या मागं पर्स धरून उभी राहू?

बाई अशिक्षित नाही. बारावी झालेली आहे. पण मी एम.ए. आहे!

४ डिसेंबर

आशिषनं चॅनलवाल्यांना घरी पाठवायचं ठरवलंय. परवा थेट मुलाखत. तो दिल्लीतून बोलणार, कांचन इथून. “ताई, तिला नीट तयार कर. विधवा आहे हे दिसलं पाहिजे.”

६ डिसेंबर

सगळं लिहिते. 

सकाळी कांचन तयार होऊन आली. मोरपंखी साडी, हातात हिरव्या काचेच्या बांगड्या, कपाळाला छोटीशी टिकली. जाईनं तयार केलं होतं तिला. खरं सांगायचं तर चांगली दिसत होती. म्हणूनच जास्त चिडले.

मी टिकली काढली. नखानं. बांगड्या काढायला लावल्या. एक निघेना, साबण लावून ओढली तर फुटली, मनगटाला लागलं. पांढरट साडी दिली नेसायला, माझीच जुनी. तिनं ती नेसली. जाई ओरडली, “मम्मी, ये क्या कर रही हो!” मी तिला खोलीबाहेर काढलं.

उत्तरं पाठ करून घेतली होती. दिल्लीला काय संदेश? — “देश की हर बहन जाग गई है।” एवढंच. हे कॅमेऱ्यामागं उभे, मी बाजूला.

आशिषनं विचारलं, “कांचन जी, आपकी जीत का दिल्ली के लिए क्या संदेश है?”

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग मनगटाकडं. मग सरळ कॅमेऱ्यात.

“दिल्ली? मैं तो कभी दिल्ली गई नहीं। यहीं पास के समथर से आगे कहीं गई ही नहीं।” आशिष हसला. त्याला वाटलं, साधेपणा! मग ती म्हणाली, “मुझे तो हारने के लिए खड़ा किया था। जेठ जी ने। साहू भाभी के वोट काटने थे। महामंत्री जी ने कहा था।”

सगळं थेट! आशिषचं तोंड उघडं. तिनं पदर सावरला आणि अगदी शांतपणे पुढं सांगितलं, “ये साड़ी भी मेरी नहीं है। मेरी टिकली निकाल दी कि टीवी पे विधवा दिखूँ। कोरे काग़ज़ पे दस्तख़त लेते हैं। संदेश जिनको देना हो दें।”

वायर ओढून ह्यांनीच कॅमेरा बंद केला.

कॅमेरावाले जिना उतरेपर्यंत हे थांबले, आणि मग तिच्या तोंडात मारली. एकदा नाही. मी मध्ये पडले नाही. मला वाटलं, बरं झालं.

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्याचाही राग आला.

७ डिसेंबर

ह्यांना पक्षातून काढलं. महामंत्र्यानं फोन उचलला नाही. आमच्या समोरून त्याची गाडी गेली, काच वर होती. आमच्या गाडीवरची पाटी उतरवली. तरी खाली रंगाचा डाग राहिलाच.

आशिष फोनवर किंचाळत होता — “तुझ्या घरातल्या बाईनं मला देशासमोर गाढव केलं!” मी म्हटलं, गाढव तू आधीपासून होतास. फोन ठेवला. भावाला पहिल्यांदाच असं बोलले. छान वाटलं.

रात्री हे जेवले नाहीत. म्हणाले, “ती या घरात नको.”

८ डिसेंबर

तिची वळकटी आणि पिशवी मीच जिन्याखाली नेऊन ठेवली. ती म्हणाली, “वहिनी, कुठं जाऊ? माहेरी आता कोणी नाही.”

मी म्हटलं, “पार्षद आहेस ना? अख्खा वॉर्ड तुझा आहे. राहा कुठंही!”

दार लावून घेतलं. आतून कडी. मग खिडकीतून पाहिलं, नाही म्हणत नाही. वाटलं होतं पायरीवर बसून रडेल, गल्ली गोळा करेल. तसं काही नाही. वळकटी-पिशवी उचलली आणि चालू लागली. समोरच्या घराचं दार उघडलं. मग त्याच्या शेजारचं. मग आणखी एक. सगळ्या बायका उंबऱ्यात! ती गेली साहूंकडे. साहूच्या कांचनकडे! जिची मतं खाल्ली, तिच्याकडे!

हे म्हणाले, “बघ. आधीपासून साहूंशी संधान असणार.” मलाही तेच वाटलं. इतकं धाडस पैसे घेतल्याशिवाय येत नाही.

१० डिसेंबर

आशिष पुन्हा टीव्हीवर! नवा सिद्धांत — “डमी उमेदवारों की बग़ावत.” म्हणे, देशभरात जिथं जिथं लोकांना बाहुली म्हणून उभं केलंय तिथं तिथं हेच होणार, लोकसभेत दिसेल. परवाचं गाढव आज घोडा झालं. मला नावानिशी धन्यवादही नाहीत.

कांचन काल एकटी महापालिकेत गेली आणि नळाच्या प्रश्नावर उभी राहून बोलली. पेपरात फोटो आहे. मोरपंखी साडी. कपाळाला टिकली.

जाई माझ्याशी बोलत नाही. जेवण खोलीत नेते.

क्लासमध्ये एका मुलीनं विचारलं, “मैम, उस सीट पे असल में हुआ क्या था?” मी म्हटलं, नावांचा घोळ. मुलगी वहीत लिहीत नव्हती, नुसती माझ्याकडं बघत होती. आमच्याच वॉर्डात, सीपरीतच राहते ती.

१३ डिसेंबर

साहूची कांचन आली होती. एकटी. कांचनची ट्रंक न्यायला.

मी म्हटलं, बरी बसवलीत घरात तुमचीच मतं खाणारी. ती म्हणाली, “भाभी जी, मेरा अपना वोट भी उसी को गया था।” चुकून? — “ग़लती से एक वोट जाता है, पूरी गली नहीं जाती। मैं जीतती तो पार्षद साहू जी होते। और हमारी छत से आपका आँगन दिखता है। वो आपके यहाँ कैसे रहती थी, सब देखते थे। हम औरतों ने तय कर लिया था।”

म्हणजे दिल्लीबिल्ली काही नाही. लहर नाही. घोळही नाही.

माझ्या तोंडून निघालं, “मला कोणी सांगितलं नाही.”

जाई दारात उभी होती. म्हणाली, “मम्मी, आपको कौन बताता?”

ट्रंकेची दुसरी कडी तिनं धरली. दोघी जिना उतरल्या. जाई अजून परतली नाही.