चौथी अट

अण्णा, आज दुपारपासून मन थाऱ्यावर नाही. सोलापुरात मी पंपांच्या ज्या दुकानात नोकरी करते, तिथं दरपत्रकातल्या अटी आता कॉम्प्युटरच घालतो. किती माल घेतला तर किती सूट, पैसे उशिरा आले तर काय, हे एकदा भरून ठेवलं की झालं. ते भरायचं काम आज माझ्याकडं आलं. दोनदा उठले, पाणी प्याले, परत बसले. हात चालेना. तुमची अट आठवत होती.

दुष्काळाचं साल. उमरग्यात सहकारी संघाच्या दुकानात तुम्ही पंप विभाग सांभाळता, मी तिथंच टायपिस्ट. मुरुमकडच्या एका गावची सोसायटी विहिरीवर मोटार आणि चावडीपर्यंत नळ, याचं दरपत्रक मागते. वाहतूक, मुदत, हमी या तीन अटी नेहमीच्या. चौथी तुम्ही उभ्यानंच सांगता, "दुसरा नळ खालच्या वस्तीत बसवल्यास जोडणीची मजुरी आकारली जाणार नाही." माझी बोटं थांबतात. खालची वस्ती आपल्या लोकांची, बौद्धांची. आत्याचं सासर तिथलंच. कुणी वरून घागरीत पाणी ओतेल म्हणून ती विहिरीपाशी उन्हात ताटकळायची, ते मी पाहिलेलं.

"मजुरी संघ सोडंल का?" मी विचारलं.

"संघाचा काय संबंध? जोडणी म्या करणार, ऐतवारी. तू टाइप कर."

त्याच आठवड्यात सोसायटीचे चेअरमन कागद घेऊन आले. "पंप इकता का गावाला शिकवता?"

"अट पटत न्हाय तर बिनअटीचं दरपत्रक देतो," तुम्ही शांतपणे म्हणालात. "त्यात मजुरी लागंल."

त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली, "बसवा" म्हणाले आणि समोरचा चहा तसाच ठेवून गेले.

रविवारी मीही आले. तुम्ही गुडघे टेकून पाना फिरवताय, पायजमा चिखलानं भरलाय. नळ आधी नुसता हवा सोडतो, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. आत्या घागर लावायचं विसरते आणि ओंजळ धरते.

पुढं तुमची बदली खताच्या गोदामात झाली. कारण कुणी सांगितलं नाही, तुम्हीही विचारलं नाही. निवृत्तीपर्यंत त्याच वासात राहिलात. खोकला तिथंच जडला, असं आई म्हणायची. एकदा जेवताना तिनं सरळ विचारलं, "बहिणीसाठीच केलंत ना?" तुम्ही भाकरी कुस्करत राहिलात.

हे पत्र टाकायचं तरी कुठं? पण आज कॉम्प्युटरवरच्या अटींच्या त्या रिकाम्या चौकटीपुढं बसून एकच घोळत होतं. आत्या तिथं नसती, तरी तुम्ही ती अट घातली असती का? तुम्ही होतात तोवर मी विचारलं नाही. "न्हाय" म्हणाल, याची भीती वाटायची. खरं सांगायचं तर अजून वाटते.