बर्फाचा ट्रे

११ मे
ह्यांच्या कॅमेऱ्यात रोल तसाच आहे. दिवाळीत उरणच्या किनाऱ्यावर गेलो होतो, तेव्हाचा. जानेवारीत हे गेले, रोल राहिला. शेवटचा फोटो मी काढलेला, ह्यांचा. चाळीस वर्षं पनवेलभर लोकांचे फोटो काढले, स्वतःचा एक धड नाही. भिंतीवरचा आधार कार्डावरून मोठा केलाय. चोरासारखे दिसतात त्यात.

१३ मे
मुलगी म्हणते, मुंबईला पाठव, लॅबवाले धुऊन देतील. नको. हरवला तर? एकच आहे. आणि एकतीस वर्षं केमिस्ट्री शिकवून एवढं येत नसेल तर...

फिल्मवरच्या थराला हे इमल्शन म्हणायचे. मी म्हणायचे, दूध हे इमल्शन; तुमचं जिलेटिनमधले चांदीच्या क्षाराचे कण, म्हणजे सस्पेन्शन. "मास्तरीणबाई, पोट भरतंय ना त्यावर?" आता भांडायलाही कोणी नाही. फार एकटं वाटतं.

१६ मे
केमिकल्स आणली. ह्यांच्या वहीत सगळं आहे, मिनिटांसकट.

१७ मे
दुपारी, बाथरूममध्ये. फोटो आले! निगेटिव्हमध्ये ह्यांचे पांढरे केस काळेभोर. हसतायत. रडलेच मी.

मग धुवायला ह्यांच्या फोटोचं टोक नळाखाली धरलं. मे महिना, दुपारचे दोन, गच्चीवरच्या टाकीचं पाणी. हाताला चटका बसला तेव्हा कळलं. जिलेटिन सुटलं, ह्यांची फ्रेम सायीसारखी तरंगायला लागली. जिलेटिन गरम पाण्यात मऊ पडतं, दरवर्षी शिकवायचे की! गाढव मी.

उन्हाळ्यात फिल्म धुताना हे फ्रिजमधला बर्फाचा ट्रे पळवायचे. सरबताला ठेवलाय, म्हणून मी ओरडायचे. कशाला हवा, ते कधी विचारलं नाही. वहीतही नाही, ह्यांच्या हाताची सवयच ती.

माझ्याकडे बर्फ कुठला, एकटीसाठी कोण लावतं. शेजारी नसीमाभाभींकडे धावले.
"इतका बर्फ? मेहमान आलेत का, बाई?"
हो म्हटलं.

गार पाण्यात साय सावरली. खाली काच घालून अलगद उचलली. डोकं, खांदा शाबूत. गालावर सुरकुती आहे की चीर, कळत नाही.

१८ मे
काच टेबलावर. सुकली की चिकटेल, नाहीतर पापुद्रा निघेल. पंखा लावायची हिंमत नाही, घामाने भिजलेय. बर्फाचा ट्रे भरून ठेवला. दिवसभर शेजारी बसले. "अहो, एवढं राहा," म्हटलं मोठ्याने.
अजून ओली आहे.