तुरटीचा खडा

कलकत्ता, १२ ऑगस्ट १९७४

आमच्या लेकीच्या, मिनूच्या रक्तात प्लेटलेट कमी, म्हणून तिची पानथरी, म्हणजे प्लीहा, काढायचं जवळजवळ ठरलंच होतं. काल डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कुणाचं रक्त थांबायला वेळ लागतो?" मी ठामपणे नाही म्हटलं.

आणि आज सकाळी यांना दाढी करताना कापलं. अर्धा तास गालाला तुरटी धरून बसले. मामंजीही असेच बसायचे. दहा वर्षं मी त्या तुरटीला हसतेय, बावळट कुठली! तसंच यांना दवाखान्यात नेलं. यांच्याही प्लेटलेट कमीच निघाल्या.

"बापाकडून आलंय, पानथरीचा दोष नाही. ऑपरेशनचा उपयोग नाही," डॉक्टर म्हणाले.

ट्रामने परतलो. घरी मिनूला जवळ घेऊन हे म्हणाले, "माझ्यामुळे गं."

ती म्हणाली, "मग तुरटीपण माझीच ना?"

खडा तिच्या कंपासपेटीत गेलाय. उद्या हे गालाला काय लावणार?