चहाच्या डब्यातला कॅमेरा

लाहिजान,
२१ मेहर १३८७

चि. बहमन यास,
अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

तूरान आत्याचे गुडघे सोडले तर इकडे सगळं ठीक आहे. छावणीतून तुझा फोन येतो तेव्हा तुझ्या मागची शिपायांची रांग ओरडत असते, त्यामुळे धड बोलता येत नाही. म्हणून लिहून कळवते. आधी खाली बस आणि मग वाच.

तुझा कॅमेरा पावसात भिजला. मी बाजारात घेऊन गेले होते, छत्री विसरले आणि वाटेत आभाळ फाटलं. पाणी आत गेलं आहे. पुढच्या महिन्यात २८ आबानला रश्तच्या वर्तमानपत्रात तुझी फोटोग्राफरच्या नोकरीची परीक्षा, आणि तिथे प्रत्येकाने स्वतःचाच कॅमेरा आणायचा, हे मला ठाऊक आहे. दोन उन्हाळे किवीच्या बागेत राबून तू तो घेतलास, हेही मी विसरलेले नाही. कॅमेऱ्याची पिशवी तेवढी कोरडी ठणठणीत आहे.

मी सगळं जग करतं तेच केलं. कॅमेरा तांदळाच्या पिंपात खुपसून ठेवला. दुसऱ्या दिवशी आत्याने दुपारच्या भातासाठी पिंपात हात घातला, तर मापाऐवजी कॅमेराच वर आला. मग काय विचारतोस! म्हणाली, या ओल्या हवेत लाहिजानचा तांदूळ स्वतःच पाणी पितो, भिजलेल्याला भिजलेल्याच्या कुशीत निजवून तो कधी वाळेल का? मी चालू करून बघते म्हटलं, तर हातावर चापट बसली. केस वाळवायच्या यंत्राने गरम वारा देऊ का म्हणून विचारलं, तर तिने कपाळाला हात लावला. घाईने भट्टीत घातलेलं पान वरून कुरकुरीत होतं आणि आत ओलंच राहतं, मग पेटीत पडल्या पडल्या सडतं, असं ती म्हणाली. तीस वर्षं चहाच्या कारखान्यात पान वाळवलेली बाई, याच महिन्यात निवृत्त झालेली. मी तिचंच ऐकलं.

बहमन, तिचं काम बघायला तू इथे हवा होतास. बॅटरी आणि कार्ड काढलं, होती नव्हती ती सगळी झाकणं उघडली, आपल्या जुन्या सुती ओढणीने कोपरा न् कोपरा टिपून घेतला. मग वेताच्या परडीत, सावलीत, वाऱ्यावर दोन दिवस. पान कोमेजायला पसरतात तसं दर दोन तासांनी उलटं, पालटं. आज पायी कारखान्यात गेली आणि भट्टीतून नुकताच उतरलेला चहा पत्र्याच्या डब्यात बंद करून घेऊन आली. जगात त्याच्याइतकं तहानलेलं दुसरं काही नाही म्हणे. कॅमेरा मलमलीत बांधून त्या चहात पुरला आहे आणि झाकणाच्या कडेला मेण लावलं आहे. दर चार दिवसांनी चहा बदलायचा. जुन्या चहाची चिमूट ती अंगठ्याखाली चोळून बघणार. वाकली तर अजून पाणी आहे, भुगा झाला तर नाही. मी मोठी बहीण असून मला साधी छत्री सांभाळता येत नाही, आणि तिच्या दोन बोटांत सगळा कारखाना आहे. अभिमान वाटतो रे.

काढलेला चहा आम्हीच पिऊ. पाहुण्यांना सांगणार नाही.

रागाव, पण पत्र धाड. लोभ असेल तेवढा राहू दे.

तुझी,
माहरुखताई


बीरजंद,
३० मेहर

ती. माहरुखताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी बसून वाचलं, मग उभं राहून वाचलं. इथे, इराणच्या या वाळवंटी टोकाला, चार महिन्यांत पावसाचा थेंब नाही, आंघोळीलासुद्धा पाणी मोजून मिळतं, आणि तुम्ही तिकडे कॅमेरे धुता.

तू छत्रीशिवाय अंगणातसुद्धा पाऊल टाकत नाहीस. तुझ्या छत्रीवरून मी तुला जन्मभर चिडवलं. ती नेमकी त्याच दिवशी विसरलीस? आणि पिशवी कोरडी कशी? नुसता कॅमेरा भाजीसारखा हातात धरून नेलास की काय?

मी सात वर्षांचा असताना शेजारच्या झाडाची आलुबुखार खिसे भरून आणली होती, आठवतं? आई गेल्यानंतरचा तो पहिलाच उन्हाळा. आत्याने माझी ओंजळ भरली आणि एकट्याला परत द्यायला धाडलं. न विचारता घेतलेली वस्तू घरात आली की घराची बरकत जाते, असं म्हणाली होती. तू दारात उभी राहून हसत होतीस. तिच्या हाताखाली वाढून तू एवढंच शिकलीस का? हे पत्र तिला वाचून दाखव. तिलाही कळू दे, तिने कोणाला वाढवलं.

आत्याला माझा सलाम सांग. कुठल्याही दुकानदारापेक्षा माझा तिच्या चिमटीवर जास्त भरवसा आहे. २५ आबानला रजेवर येतो. कॅमेरा चालला नाही तर परीक्षेला जाणार नाही, आणि ती पुन्हा होणार नाही.

लोभ आहे, पण सध्या आटला आहे.

बहमन


लाहिजान,
१२ आबान

चि. बहमन यास तूरान आत्याचे अनेक आशीर्वाद.

माहरुखने तुझं पत्र मला वाचून दाखवलं नाही. पिठाच्या डब्यामागे लपवलं होतं. मी चष्मा लावून स्वतःच वाचलं, आणि आलुबुखाराच्या ओळीवर आले तेव्हा चष्मा काढून ठेवला.

बाळा, कॅमेरा मी घेतला होता. माहरुखला त्यातलं काही माहीत नव्हतं.

कारखान्यात माझा शेवटचा दिवस होता. जुनी भट्टी दुसऱ्या दिवशी उतरवणार होते. माणसांच्या फोटोंची मला कधी हौस नव्हती, पण जिच्यासमोर तीस वर्षं उभी राहिले तिचा एक फोटो जवळ असावा असं वाटलं. फोनवर तुला विचारणार होते. मागितलं नाही. मी कोणाकडे कधी काही मागत नाही, ही माझी घमेंड. पिशवी कपाटात जागच्या जागी ठेवली, कोणाला संशय नको म्हणून, आणि नुसता कॅमेरा कोटाखाली दडवून नेला. परतताना फाटकापासून पावसाने गाठलं. घरी येऊन चोरपावलांनी तो ओलाच पिशवीत न घालता कपाटात ठेवून दिला. माहरुखला सापडला, तिने घाबरून तांदळात घातला. माझ्या हाताला तो लागला तेव्हा मी तिथेच बसले आणि तिला सगळं सांगितलं.  ती पोरगी एवढंच म्हणाली, की तू कॅमेरा वाळव, बहमनला मी बघते.

तुझी बोलणी तिने माझ्यासाठी खाल्ली. मी कोणाला वाढवलं ते मला आता कळलं, आणि देवाची शपथ, ऊर भरून आला. तू तिची माफी माग. माझ्यावर रागवायचं ते मग रागव.

आता कॅमेऱ्याचं. काल पाचव्या चहाची चिमूट चोळली, पिठासारखा भुगा झाला. तरी मी एक दिवस थांबले. आज सकाळी बॅटरी घातली. माहरुखने डोळे गच्च मिटून घेतले होते, म्हणून दिवा लागलेला मीच आधी पाहिला. मागच्या पडद्याच्या कोपऱ्यात धुक्यासारखा डाग राहिला आहे, पण फोटोत तो येत नाही. तू परीक्षेला जा. हा चहा नव्या भट्टीचा होता. तीही बरी आहे, कबूल करते.

कार्ड शेजाऱ्यांच्या संगणकावर लावून पाहिलं. तुझे सगळे फोटो शाबूत आहेत. शेवटचा माझा. भट्टी त्यात नाहीच. भिंगासमोर माझाच अंगठा आला होता. तो फोटो पुसायचा कसा ते माहरुखला येत नाही, तू आल्यावर पुसून टाक.

तुझा लोभ मागायला तोंड नाही, तरी मागते. मागायची सवय करते आहे.

तुझी,
तूरान आत्या


बीरजंद,
१८ आबान

ती. तूरान आत्या आणि ती. माहरुखताई यांस,
सा. न. वि. वि.

एकाच कागदावर दोघींना लिहितो आहे, कारण लाजही एकच आहे.

ताई, माझं ते पत्र फाडून चुलीत घाल. तुझी छत्री आणि कोरडी पिशवी मला दिसली होती, तरी मला अक्कल आली नाही. फोटो काढणाऱ्याला एवढंही दिसू नये! तू खोटं बोलायला अगदीच कच्ची आहेस आणि माझ्यापेक्षा फार मोठी आहेस. यापुढे छत्रीवरून चिडवणार नाही. निदान आठवडाभर तरी नाही.

आत्या, तुझ्यावर रागवायचं तर आधी माझा हिशेब साफ हवा. त्या ओंजळीतली दोन आलुबुखार मी वाटेतच खाल्ली होती. सतरा वर्षं सांगायचं धाडस झालं नाही. आपण दोघं सारखीच निघालो.

२५ला येतोय. परीक्षेला ताजा फोटो मागितला आहे, कामाच्या माणसाचा. तुझा कारखान्याचा कोट धुऊन ठेव, आणि चहाचा तो डबा रिकामा करू नकोस, मी आल्यावर त्यातली चिमूट चोळून दाखव. तोंडासमोर हात धरलास तरी चालेल, मला हातच हवा आहे.

आणि तो शेवटचा फोटो पुसायचा नाही. भट्टी गेली ती गेली. तीस वर्षं ज्याने चहा चोळून पाहिला तो अंगठा आला आहे, तो मी मोठा करून भिंतीवर लावणार आहे.

लोभ आता ओसंडतो आहे, सांभाळून घ्या.

तुमचाच,
बहमन