एकेचाळीस चित्रपुस्तकांच्या ताब्याबाबत

मी, वय एकोणतीस, व्यवसाय वजनकाटे तपासणे, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. ताईचा दबाव आहे. मी त्याखाली आलेले नाही. उद्या सकाळी माझ्या पित्ताशयातले खडे काढणार आहेत. धोका नगण्य आहे, असं सर्जन म्हणाले. नगण्य म्हणजे किती, ते त्यांनी सांगितलं नाही. म्हणून हा कागद.

१. खोली भाड्याची आहे. ती घरमालकिणीला परत जावी. न्हाणीघराचं दार उचलून लावावं लागतं, हे तिला चार वर्षं तोंडी सांगितलं. आता लेखी.

२. बँकेतली शिल्लक आईला. ‘लग्नासाठी ठेवली होती’ असं तिने कुणाला सांगू नये.

३. हत्यारपेटी, ड्रिलसकट, भावोजींना. भांडी ताईला.

४. एकेचाळीस चित्रपुस्तकं माझ्या सात वर्षांच्या भाचीला, म्हणजे ताईच्या मुलीला. या कलमाला विरोध आहे, म्हणून कारणं देते.

रिकामा काटा एका बाजूला कलतो का, हे मी आधी बघते. भाचीबरोबर गोष्टी वाचतानाही सवयीने तेच केलं. प्रत्येक पुस्तकामागे आम्ही तपासणीचा तक्ता चिकटवला. एकूण रडणाऱ्या मुली: सव्वीस. रडणारे मुलगे: दोन, पैकी एक बेडूक. घराबाहेर पडलेल्या आया: तीन, पैकी दोघी हरवलेलं मूल शोधायला. दुष्टांपैकी गोरे आणि सडपातळ: एकही नाही.

“हे कुणी ठरवलं?” भाचीने विचारलं. मी मुखपृष्ठावरचं लेखकाचं नाव दाखवलं. तेव्हापासून ती आधी ते वाचते.

मागच्या आठवड्यात तिने वर्गात विचारलं, “लग्नाचं राजकन्येला विचारलं होतं का?” मग, “राक्षसाचं म्हणणं कुठल्या पानावर आहे?” बाईंची चिठ्ठी आली: तास पस्तीस मिनिटांचा, त्यातली वीस राक्षसाला गेली.

ताई म्हणाली, “तुला वाचायला शिकव म्हटलं होतं, उलटतपासणी घ्यायला नाही. तू दवाखान्यात गेलीस की पुस्तकं रद्दीत.”

“ती वाचतेच आहे, ताई.”

“तुझ्यासारखी झाली तर तिच्याशी बोलणार कोण?”

भाची माझ्याशी बोलते, एवढं इथे नोंदवते.

५. दुरुस्ती. आज दुपारी सगळे भेटायला आले होते. मसुदा टेबलावर ठेवून मी पाणी आणायला गेले, तेवढ्यात भाचीने तो तपासला. तिसऱ्या कलमाशेजारी पेन्सिलीची फुली.

“मावशी, आमच्याकडे नळ कोण दुरुस्त करतं?”

“तुझी आई.”

“आणि ड्रिल उलटं कोणी धरलं होतं?”

“तुझ्या बाबांनी. दोनदा.”

“मग पेटी बाबांना का?”

मी आठ वर्षं काटे तपासते आहे. कारण शोधलं, सांगण्याजोगं एकही सापडलं नाही. भावोजी सोफ्यावरून म्हणाले, “मला भांडी द्या की. स्वयंपाक तर मीच करतो.”

सबब तिसरं कलम रद्द. पेटी ताईला, भांडी भावोजींना.

ताईने तिसरं कलम पुन्हा वाचलं. मग कागद माझ्याकडे सरकवला. “पुस्तकं राहू देत. पण बाईंच्या चिठ्ठीला उत्तर मी लिहिणार नाही. तू परत येऊन लिहायचंस.”

हे मला मान्य आहे.

साक्षीदार: १. शेजारचे दंतवैद्य (सही). २. वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई (सही).
भाची कायद्याने अज्ञान असल्याने साक्षीदार होऊ शकत नाही. तिची सही खाली वेगळी घेतली आहे.
ठिकाण: माझं जेवणाचं टेबल. दिनांक: शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीचा रविवार.

लिहून देणार: मी (सही)
तपासनीस: भाची (सही, पेन्सिलीने)